पुण्याच्या काळोख्या इतिहासाची पायी फेरी: आखायची कशी, न्यायची कशी

पाहुणे आले, कॉलेजचा ग्रुप जमला किंवा सोसायटीत कोणी टूम काढली की शनिवारवाड्यावरून 'काळा इतिहास' दाखवणारी फेरी निघते. बहुतेक फेऱ्या फसतात आणि फसण्याची तऱ्हाही ठरलेली. निघायची वेळ संध्याकाळी सातची. तोवर वाडा बंद. मग दिल्ली दरवाज्यासमोर उभं राहून 'काका, मला वाचवा'ची नक्कल होते, कोणीतरी अमावास्येच्या रात्री ऐकू येणाऱ्या किंकाळ्यांची गोष्ट सांगतं आणि मंडळी भेळ खायला पांगतात.

मी अशा फेऱ्या नेतो, आणि वरच्यातली एकूण एक चूक मी स्वतः केलेली आहे. खाली दिलेला क्रम त्या चुकांतून आला आहे. तयारीला साधारण तीन आठवडे द्या. प्रत्यक्ष फेरी अडीच तासांची.

## १. आधी धागा ठरवा, ठिकाणं नंतर

नव्याने फेरी आखणारा माणूस पहिल्यांदा यादी करतो. नारायणरावांचा खून, घाशीराम कोतवाल, विठोजी होळकर, सती, प्लेग, रँडचा वध, पानशेत, आगाखान पॅलेस, येरवडा. यादी बघून छाती फुगते, पण ही फेरी नव्हे, ही जंत्री झाली. ऐकणाऱ्याला पाचव्या ठिकाणी पहिलं आठवत नाही.

एक धागा धरा आणि त्यात न बसणारं निर्दयपणे गाळा. माझा धागा आहे कुंपणानं शेत खाल्ल्याचा. ज्यानं राखायचं त्याच्याच हातून, किंवा त्याच्या हलगर्जीपणानं, माणसं गेली: पुतण्याच्या बाबतीत काका, रयतेच्या बाबतीत पेशवा, प्लेगमध्ये सरकार, पानशेतला धरण. हा धागा धरला की चार-पाच ठिकाणं आपोआप एका माळेत येतात. तुमचा धागा वेगळा असू शकेल, पण तो एका वाक्यात सांगता आला पाहिजे. नाही आला, तर अजून ठरलेला नाही असं समजा.

काय गाळायचं तेही सांगतो.

रँडवर गोळी झाडली गेली ती गणेशखिंड रस्त्यावर. शनिवारवाड्यापासून ते अंतर चार-पाच किलोमीटरचं. उत्साहात लोक तेही फेरीत घालतात आणि अर्धी माणसं वाटेत रिक्षा करून घरी जातात. ती हकिगत पेठेतच सांगा, खाली तिसरा थांबा पाहा. आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ला आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ला गेल्या. ती जागा स्वतंत्र सकाळ मागते, शेपटासारखी जोडायची नाही.

घाशीराम गाळताना मला वाईट वाटतं, पण १७९१ची ती हकिगत सांगायला या वाटेवर खात्रीनं बोट दाखवावं अशी जागा मला मिळालेली नाही. शिवाय लोकांच्या डोक्यात रंगमंचावरचा घाशीराम पक्का बसलेला असतो. त्याला उतरवण्यातच वीस मिनिटं जातात.

सावधान: जोशी-अभ्यंकर हत्याकांड फेरीत घेऊ नका. कोणीतरी हमखास आग्रह धरतो. १९७६-७७मधले ते खून आठवणारी, त्या घरांशी नातं असलेली माणसं शहरात आहेत, आणि ती घरं म्हणजे स्मारकं नव्हेत. लोक तिथे राहतात. विचारलंच तर एवढं सांगा की चार आरोपींना २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात फाशी झाली, आणि पुढे चला.

## २. कागद तयार करा, तीन रंगांत

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात जास्त फजिती इथूनच होते.

प्रत्येक ठिकाणाचं एक कार्ड करा, पोस्टकार्डाएवढं. त्यावर प्रत्येक वाक्य तीनपैकी एका रंगात लिहा. समकालीन कागद, निकालपत्र किंवा वर्तमानपत्रात सापडतं ते निळ्यात. बखरीत किंवा घराण्यांच्या परंपरेत आहे ते हिरव्यात. लोक म्हणतात, एवढाच आधार असेल तर लाल. बोलताना रंगाप्रमाणे क्रियापद बदलायचं: निळं 'झालं', हिरवं 'बखरीत असं आहे', लाल 'लोक असं सांगतात'. एवढ्या एका सवयीनं फेरीची अब्रू राहते.

नमुना म्हणून नारायणरावांचं कार्ड घ्या. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारद्यांच्या हातून खून: निळं. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी धरलं: निळं. आनंदीबाईंनी चिठ्ठीतल्या 'धरावे'चं 'मारावे' केलं, म्हणजे 'ध'चा 'मा': लाल. अमावास्येची किंकाळी तर लालच्याही पलीकडे, ती कार्डावर नकोच.

तिथीचा घोळ इथेच मिटवा. खून अनंत चतुर्दशीला झाला असं सर्रास सांगतात. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती, चतुर्दशीच्या आदला दिवस. शिवाय वेळ दुपारची. रात्रीच्या फेरीत, मोबाईलचा टॉर्च हनुवटीखाली धरून ज्या खुनाची गोष्ट सांगतात, तो भरदुपारी झालेला आहे.

पुराव्याचा आग्रह एवढा कशाला, असं कोणी विचारलं तर गोखल्यांची गोष्ट सांगा. १८९७मध्ये गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. प्लेगच्या झडत्यांत सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथे जाहीरपणे सांगितलं. परतल्यावर आरोप सिद्ध करायला साक्षीदार उभे करता आले नाहीत आणि गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. ती जखम त्यांना पुढे बरीच वर्षं सलत राहिली. गोखल्यांची ही गत, तर आपण कोण?

तपासा: कार्डावर लाल वाक्यं निळ्यांपेक्षा जास्त झाली असतील तर ते ठिकाण अजून तयार नाही.

## ३. वाट आधी चालून या, त्याच वारी, त्याच वेळी

क्रम पायांचा ठेवा, सनावळीचा नाही. कालक्रम पाळायच्या नादात लोक नदीकडून परत वाड्याकडे आणि वाड्याकडून पुन्हा नदीकडे असे घोळत बसतात. माझी वाट अशी: शनिवारवाडा, ओंकारेश्वर, केसरीवाडा, लकडी पूल. सगळं मिळून दोन-अडीच किलोमीटर, एकाच दिशेनं, शेवट अलका चौकाजवळ. तिथून सगळीकडची बस मिळते. माझ्या धाग्यात सन थोडे मागेपुढे होतात (ओंकारेश्वरला १७७३वरून १७४०ला मागे जावं लागतं), पण ऐकणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पाय दुखले की मात्र वाटतं.

फेरी रविवारी सकाळी असेल तर पाहणीही रविवारी सकाळीच करा. बुधवारी दुपारी चालून काढलेली वेळ रविवारी उपयोगाची नाही. पाहताना चार गोष्टी टिपा: पंधरा माणसं वाहतुकीला अडथळा न करता कुठे उभी राहतील, सकाळी सावली कोणत्या बाजूला आहे, स्वच्छतागृह कुठे आहे, आणि भोंगा, घंटा किंवा बसथांबा जवळ असल्यानं आवाज कुठे पोहोचणार नाही. शेवटची गोष्ट सगळे विसरतात. मग ऐन 'धरावे-मारावे'च्या वेळी पीएमटी येऊन हॉर्न देते.

वाडा उघडण्याची वेळ आणि तिकीट आदल्या दिवशी पाहून ठेवा. वाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे. फोनवर फोटो चालतात, पण ट्रायपॉड लावून चित्रीकरण करायचं तर आधी परवानगी लागते. गटातला एखादा 'रीलवाला' हे ऐकून घेत नाही, म्हणून मेसेजमध्येच लिहून टाका.

गणेशोत्सवाचे दहा दिवस पेठेत फेरी नको. नारायणरावांच्या तिथीला वाड्यासमोर उभं राहायचा मोह मला एकदा झाला होता. बावीसपैकी नऊ माणसं गर्दीत हरवली. त्यातली दोन मानाच्या गणपतीच्या रांगेत सापडली, खूश होती.

सावधान: पावसाळ्यात शेवटच्या टप्प्याला नदीपात्रातला रस्ता धरू नका. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पात्रातला रस्ता बंद होतो आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. आदल्या रात्री विसर्गाची बातमी पाहा.

## ४. प्रत्यक्ष फेरी

गट पंधराच्या वर नको. एक माणूस शेपटाला ठेवा, त्यानं पुढे यायचंच नाही. एका ठिकाणी बोलणं आठ मिनिटं, फार तर दहा. हातात धरायचा स्पीकर आणू नका. पेठेत रविवारी सकाळी स्पीकर लावलात तर वरच्या गॅलरीतून जे ऐकायला मिळेल ते कार्डावर कोणत्याही रंगात लिहिता येणार नाही.

### पहिला थांबा: शनिवारवाडा, आत

दिल्ली दरवाज्यातून आत जा आणि सगळ्यात आधी लोकांना जोती दाखवा. फेब्रुवारी १८२८च्या आगीत वरचे लाकडी इमले जळाले, उरले ते तट, दरवाजे आणि दगडी जोती. हे पहिल्यांदा सांगितलं नाही तर लोक खुनाची 'खोली' शोधत राहतात. अमुक चौथऱ्यावर बोट ठेवून 'इथेच पडले' म्हणणारे वाटाडे भेटतील. तुम्ही 'या आवारात' एवढंच म्हणा.

मग हकिगत, आणि तीही कारणांपासून. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२मध्ये गेले. नारायणराव गादीवर आले तेव्हा सतरा वर्षांचे. काका राघोबादादा याच वाड्यात नजरकैदेत. गारद्यांचा पगार थकलेला. सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसं दुपारी आत शिरली, नारायणराव काकांच्या दालनाकडे धावले. पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे तिथे थांबलात तरी चालतं. लहान मुलं बरोबर असतील तर थांबाच.

यानंतर लोक हमखास विचारतात की राघोबांना शिक्षा काय झाली. तयारी ठेवा. फाशी वगैरे काही झाली नाही. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या, एप्रिल १७७४मध्ये पुरंदरावर त्यांना मुलगा झाला, बारभाईंनी, म्हणजे कारभाऱ्यांच्या मंडळानं, त्याच्या नावानं कारभार चालवला आणि राघोबा पेशवाईला मुकले. तोच मुलगा, सवाई माधवराव, ऑक्टोबर १७९५मध्ये याच वाड्याच्या माडीवरून पडून गेला. अपघात की जीव दिला, यावर एकमत नाही. ते तसंच सांगा. गटातले दोघे वाद घालतील, घालू द्या, दोन मिनिटं.

### त्याच आवारात, बाहेर: विठोजी होळकर

आतून बाहेर येऊन पटांगणात उभे राहा. एप्रिल १८०१मध्ये दुसऱ्या बाजीरावानं विठोजी होळकरांना वाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं. नेमकी जागा दाखवू नका. इथे घाई नको. क्रौर्याचं वर्णन आवरतं घ्या, पण परिणाम सावकाश सांगा: विठोजींचा भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आला, २५ ऑक्टोबर १८०२ला हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांची फौज मोडली, बाजीराव पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, वसईला इंग्रजांशी तह करून बसला. पटांगणातली एक शिक्षा आणि वसईचा तह यांत दोन वर्षंसुद्धा नाहीत. लोक इथे गप्प होतात. मला हा थांबा नारायणरावांच्या थांब्यापेक्षा जड वाटतो, पण त्याला 'काका, मला वाचवा'सारखं वाक्य नाही, म्हणून तो मागे पडतो.

मग तटाच्या बाहेरून दक्षिणेला वळसा घाला आणि नारायण दरवाजा बाहेरूनच दाखवा. नारायणरावांचा देह इथून बाहेर नेला असं परंपरा सांगते. हिरवी शाई. तीस सेकंद, पुढे.

तपासा: इथून निघताना माणसं मोजा. वाड्यात हमखास एक-दोन मागे राहतात.

### दुसरा थांबा: ओंकारेश्वर

इथे बोलायचं ते देवळाच्या बाहेर, आत नाही. आत लोक दर्शनाला येतात, चपला काढाव्या लागतात, आणि पंधरा जोड चपला काढा-घालायला सात मिनिटं जातात. ती वेळ हिशेबात धरा.

नदीकाठच्या या भागात पूर्वी स्मशान होतं. चिमाजीअप्पांची समाधी इथे आहे. वसई जिंकणारे चिमाजीअप्पा डिसेंबर १७४०मध्ये वारले आणि त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. फेऱ्यांत चिमाजीअप्पांवर दहा मिनिटं होतात आणि अन्नपूर्णाबाईंवर अर्धं वाक्य. तुम्ही उलटं करून पाहा. १७७२ला थेऊरला थोरल्या माधवरावांमागे रमाबाई गेल्या, तेही जोडून सांगता येतं. 'पतिव्रता', 'तेजस्वी' असे शब्द टाळा. आणि आजच्या नजरेनं झोडपूनही काढू नका. नावं, सन, नातं सांगा आणि थोडा वेळ गप्प राहा.

### तिसरा थांबा: केसरीवाडा, प्लेगसाठी

इथे एक चूक इतकी रूढ आहे की सुरुवातच तिच्यापासून करावी. १८९७मध्ये टिळक इथे राहत नव्हते. तेव्हा ते विंचूरकर वाड्यात होते, हा गायकवाड वाडा त्यांच्याकडे बऱ्याच वर्षांनी आला. तेव्हा 'याच खोलीत बसून त्यांनी ते लेख लिहिले' हे वाक्य जिभेवर येऊ देऊ नका. इथे थांबायचं ते उभं राहायला जागा आहे आणि विषय केसरीचा आहे म्हणून.

प्लेगची हकिगत या क्रमानं सांगा, नाहीतर ती नुसती गोळीबाराची गोष्ट होते:

आधी रोग. १८९६च्या शेवटी मुंबईहून पुण्यात आला. मग कायदा: फेब्रुवारी १८९७चा साथरोग कायदा. मग वॉल्टर रँडची समिती आणि घरोघर झडत्या घेणारे सोल्जर. देवघरात बूट, सामान रस्त्यावर, आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवणं. याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ला गेल्या. ही तारीख क्रमात इथेच आली पाहिजे, कारण साथ खरी होती हे लोक विसरतात. सरकारला घरं तपासावी लागणं आणि ती तशी तपासणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यानंतर २२ जून १८९७ची रात्र. राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांचा समारंभ गणेशखिंडीच्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, झाला. परतताना दामोदर चापेकरांनी रँडवर आणि बाळकृष्ण चापेकरांनी लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच ठार, रँड ३ जुलैला. या वाटेवरची ही एकच घटना खरोखर रात्रीची. दामोदर चापेकरांना एप्रिल १८९८मध्ये, बाळकृष्ण, वासुदेव आणि महादेव रानडे यांना मे १८९९मध्ये फाशी झाली. टिळकांना राजद्रोहासाठी १८ महिन्यांची शिक्षा.

इथे गट घोषणांवर येऊ शकतो. येऊ द्यायचा नाही असं मी म्हणत नाही, पण आवाज आवरा. शेजारी वस्ती आहे.

### चौथा थांबा: लकडी पूल, पानशेत

पुलावर उभं राहू नका, गाड्यांचा आवाज फार. पुलाअलीकडे, नदी दिसेल अशा जागी थांबा.

आंबी नदीवरचं पानशेत धरण पुरतं बांधून झालं नव्हतं, तरी १९६१च्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान बांधावर वाळूची पोती रचत होते. १२ जुलैला सकाळी धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खाली खडकवासलाही फुटलं, आणि दिवसाउजेडी नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. ती पोती रचल्यामुळे काही तास मिळाले आणि पाणी रात्रीऐवजी दिवसा आलं, म्हणून कितीतरी माणसं वाचली. ही गोष्ट सांगताना पोत्यांपाशी थांबा.

पुराची पातळी दाखवायची हौस सगळ्यांना असते, मलाही होती. नारायण पेठेतल्या एका जुन्या भिंतीवरची रेघ मी तीन फेऱ्यांत 'पानशेतची खूण' म्हणून दाखवली. चौथ्या वेळी वरच्या गॅलरीतून एक आजोबा म्हणाले, "अहो, ती आमच्या न्हाणीघराची ओल आहे. पाणी इथवर आलं होतं," आणि हात वर करून त्यांनी दुसऱ्या मजल्याच्या तुळईकडे बोट दाखवलं. तेव्हापासून भिंत दाखवायच्या आधी मी त्या घरात विचारून येतो. तुम्हीही विचारा. बरेचदा घरातलंच कोणीतरी खाली येऊन चार वाक्यं सांगतं, आणि ती आपल्या आठ मिनिटांवर भारी पडतात.

सावधान: पुराची हकिगत सांगणाऱ्या माणसाचं बोलणं विचारल्याशिवाय रेकॉर्ड करू नका.

## ५. संपल्यावर, त्याच दिवशी

प्रश्न शेवटी घ्या, पण चहाच्या आधी. चहा आला की गट फुटतो. ज्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तो त्या ठिकाणाच्या कार्डाच्या मागे लिहा, विचारणाऱ्याचा नंबर घ्या आणि आठवड्याच्या आत कळवा.

कोणी एखादी नवी हकिगत सांगितली, 'आमच्या पणजोबांनी पाहिलं होतं' वगैरे, तर तीही कार्डावर जाते. लाल शाईत. पुढच्या फेरीआधी तिचा कागद सापडला तर रंग बदला.